दीड माणसाची जागा

पंधरा दिवसांपासून कॉलेजच्या रस्त्यावर उसाची टिपरं पडलेली दिसायला लागलीत. ट्रॉलीतून घसरलेली, चाकांखाली चेचलेली. त्यांच्यावर माशा बसतात आणि वाऱ्याला गोडसर, थोडा आंबूस वास येतो. मैत्रिणी नाक दाबतात, मी दाबत नाही. या वासानं आधी मला आमची मेंढरं आठवायची. गेल्या वर्षापासून मात्र एक फोटो आठवतो.

त्या फोटोबद्दल लिहावं की नाही, हे वर्षभर ठरत नव्हतं. आमच्या घरात लिहिण्याची सवय कुणालाच नाही. बा सही करतो, पण त्याची सही म्हणजे त्यानं पाठ केलेलं एक चित्र आहे. एक रेघ इकडची तिकडं झाली तर तो खोडून पुन्हा पहिल्यापासून काढतो. कॉलेजात आलेली घरातली मी पहिली. छापलेल्या कागदात काही चुकीचं असू शकतं, असं मला फार दिवस वाटतच नव्हतं. आणि मग मीच छापलेल्या कागदात चूक झाली.

आमचं गाव आटपाडीच्या बाजूला, कोरडं. दिवाळी झाली की आजा मेंढरं घेऊन पश्चिमेला, कृष्णाकाठच्या उसाकडं निघायचा. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळायचं, मेंढरांना पाला आणि पाणी. शाळेला सुट्टी असली की मीही असायचे. आज्याला शंभराच्या पुढं मोजता यायचं नाही. दिवस मावळायला मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरायची तेव्हा तो काठी टेकून नुसता बघत उभा राहायचा आणि मधेच म्हणायचा, "बांडी आली न्हाई."

"कसं कळलं, आज्या?"

"तिची जागा मोकळी दिसती की."

चालत्या मेंढरांत कुठली आली जागा? मी डोळे ताणून बघायचे. मला कधीच दिसली नाही. पण बांडी खरंच मागं राहिलेली असायची, कुठल्या तरी बांधाला पाय अडकून.

आबा माझ्या आयुष्यात आले ते गेल्या वर्षी, याच दिवसांत. आमच्या मराठीच्या बाईंनी वर्गात विचारलं होतं, मराठी टायपिंग कुणाला येतं. मी हात वर केला आणि लगेच खाली घेतला, पण बाईंनी तो पाहिला होता. साताऱ्यातल्या एका निवृत्त कर्नलना कुणीतरी लिहून देणारं हवं होतं. आबांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणजे दाराची चौकट दिसते, पण दारात उभा असलेला माणूस दिसत नाही. पहिल्या दिवशी मी चौकटीत उभी राहून "साहेब" म्हणाले. त्यांनी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं पाहिलं.

"साहेब ऑफिसात राहिला. आबा म्हण. आणि आमच्या पलटणीत टाइप करणाऱ्याला बाबू म्हणायचे. आजपासून तू आमची बाबू."

पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी लष्कराच्या प्रबोधिनीत एकाच तुकडीत सातारा-सांगलीकडची सात पोरं होती. गेल्या वर्षी त्यांतले चार उरले होते. साताऱ्याचे आबा. कऱ्हाडचे लंबू, सगळ्यांत उंच. विट्याचे गुरुजी, सगळ्यांत बुटके आणि सगळ्यांना अभ्यासात मदत करणारे. आणि पलूसचे पैलवान, तालमीच्या घरातले, दारातून आडवे होऊन आत येणारे. पुढं यांतलं कुणी ब्रिगेडियर झालं, कुणी मेजर म्हणूनच घरी परतलं, पण एकमेकांसाठी नावं तीच राहिली. वर्षातून एकदा, उसाच्या हंगामात, आबा सगळ्यांच्या बातम्या गोळा करून चार पानांचं एक पत्रक काढतात. त्याचं नाव 'खबरबात'. हंगामातच का, तर पूर्वी या दिवसांत पैलवानांच्या रानात गुऱ्हाळ लागायचं आणि सुट्टीवर आलेला जो तो ताज्या गुळासाठी तिथं जमायचा. गुऱ्हाळ केव्हाच बंद झालं, दिवस मात्र तेच राहिले.

आबा सांगायचे, मी टाइप करायचे. "लंबू. दुसराही गुडघा बदलला. उंची अर्धा इंच वाढल्याचा त्याचा दावा नामंजूर." "गुरुजी. नातवानं सैन्यात जाणार नाही म्हणून सांगितलं. गुरुजींनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी त्याला आइस्क्रीम खायला नेलं." पैलवानांची बातमी सांगताना आबा जरा थांबले होते. छातीत पाणी होत होतं, पैलवान खाटेवरच असायचे. मग म्हणाले, "लिही. पैलवान. तब्येत बरी नाही. ऊस बरा आहे."

मला सगळ्यांत आवडायचे ते त्यांचे फोन. माझ्याशी आबा नीटनेटकं मराठी बोलायचे, मधेच इंग्रजी. पण मित्राचा फोन लागला की, "काय रं लंबू, जिता हायस का?" कॉलेजात आल्यापासून मी 'न्हाई' आणि 'व्हय' गिळायला शिकले होते. तोंडातून निघालंच तर कान गरम व्हायचे. आणि इथं एक कर्नल मोठ्यानं 'न्हाई' म्हणत होता, हसत होता. त्या खोलीत बसून मला घरच्यासारखं वाटायचं. हे आबांना मी कधी सांगितलं नाही.

फोटोचा दिवस एका रविवारी आला, सकाळी दहाच्या सुमाराला. लंबू मुलाच्या गाडीतून आले, गुरुजी विट्याहून एसटीनं. पैलवानांना येणं शक्य नव्हतं. अंगणात मेंदीचं कुंपण आहे, त्याच्यापुढं तिघं उभे राहिले. उंचीनं. आधी लंबू, मग आबा, मग एक भलीमोठी मोकळी जागा, आणि तिच्या पलीकडं गुरुजी. दोघं एका बाजूला, एक जण दूर एकटा. जणू तो दुसऱ्याच फोटोतला.

"आजोबा, जरा जवळ या ना," मी म्हणाले.

"आमी हाय तिथं बरं हाय. तू काढ," गुरुजी म्हणाले.

"भांडान झालंय आमचं," लंबू म्हणाले, आणि तिघं हसले.

मग आबांनी विचारलं, "दीड सोडली का रं?" गुरुजींनी पावलं टाकून मोजलं आणि म्हणाले, "दीड. बराबर."

हे मी ऐकलं. कानांनी नीट ऐकलं. पण दीड म्हणजे काय, हे विचारलं नाही. विचारलं की आपल्याला माहीत नाही हे दिसतं. कॉलेजची पहिली दोन वर्षं मी हेच करत आले होते. कळलं नाही तरी मान हलवायची, बाकीचे हसले की हसायचं, घरी जाऊन शोधायचं. हे मात्र कुठं शोधून सापडण्यातलं नव्हतं. मी मान हलवली आणि फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या संगणकावर पान लावताना तो फोटो डोळ्यांत खुपायला लागला. मधे नुसतं कुंपण. माणसं कडेला, बारीक. मला वाटलं, इतकी जुनी मैत्री आणि फोटोत अशी फाटाफूट बरी दिसत नाही. मी फोटो मधून कापला, मोकळा भाग काढला आणि दोन तुकडे जोडले. मागं मेंदीच असल्यामुळं जोड दिसतच नव्हता. गुरुजींचा खांदा आबांच्या खांद्याला अलगद येऊन टेकला. मला माझं फार कौतुक वाटलं. शेजारी बसलेल्या मुलीला मी ते दाखवलंसुद्धा.

छापण्याआधी मी आबांना चारही पानं वाचून दाखवली. एक स्वल्पविराम त्यांनी बदलायला लावला. शेवटी म्हणाले, "आणि फोटो? बरा आलाय?"

"छान आलाय, आबा."

खबरबात पोस्टानं गेली. पाच-सहा दिवसांनी मी आबांकडं पाकिटांवरचे पत्ते लिहिलेली वही परत द्यायला गेले होते, तेव्हा पैलवानांचा फोन आला. आबांना ऐकायलाही कमी येतं, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असतो.

"काय रं आबा."

"बोल पैलवान. खबरबात पोचली का?"

"पोचली. मलाबी पोचवलंसा की तिच्यात."

आबा हसले. "काय बोलतोयस?"

"दिवस कवा घातलं माझं? जेवायला बोलावलं न्हाईसा. मी हितंच हुतो, आलो असतो."

"आरं गड्या..."

"फोटू बघितला. खांद्याला खांदा लावून हुभं हाईसा तिघं. बरं केलंसा. जागा आडवून तरी काय करायचं."

फोन बंद झाला. आबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, आत काही नसताना. मग त्यांनी मान वाकडी केली आणि मला कोपऱ्यातून पाहिलं.

"बाबू, फोटोत जागा आहे ना?"

मी हातातली वही मांडीवर ठेवली.

"किती आहे?"

"नाही, आबा. मी कापली."

त्यांनी मला रागावावं, असं त्या क्षणी मला मनापासून वाटत होतं. बा रागावतो, ओरडतो, मग ते संपतं. आबा ओरडले नाहीत. बराच वेळ हातातली काठी जमिनीवर अशी फिरवत राहिले, जणू काही शोधतायत. आणि मग सांगायला लागले. फार हळू, मला शिकवावं तसं.

प्रबोधिनीतलं पहिलंच वर्ष. पैलवान दोरावरून पडले, पाय मोडला, दीड महिना दवाखान्यात. कवायतीच्या रांगेत त्यांची जागा आबा आणि गुरुजींच्या मधे. कवायत शिकवणारा उस्ताद उत्तरेकडचा हवालदार होता. तो ओरडला, "खाली जगह क्यों है? बंद करो!" पोरं हलली नाहीत. कुणीतरी म्हणालं, "उस्ताद, आदमी है." त्या 'आदमी है'साठी साही जणांना खडीच्या मैदानावर कोलांट्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोपरं सोलली. तिसऱ्या दिवशी उस्ताद त्या मोकळ्या जागेपुढं येऊन थांबला, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "इसकी जगह तो डेढ़ आदमी की है." आणि पुढं गेला. पुन्हा त्यानं रांग मिटवायला सांगितली नाही.

"तेव्हापासून," आबा म्हणाले, "फोटोला जो येऊ शकला नाही, त्याची जागा मोकळी. कुणी सीमेवर असेल, कुणाची बायको बाळंत असेल. जागा मोकळी म्हणजे माणूस आहे."

"आणि... गेलेल्यांची?"

पहिला मित्र सीमेवर मारला गेला, तेव्हा उरलेले सहा जण गुऱ्हाळावर जमले होते. फोटोला उभे राहिले, पण त्याच्या जागेचं काय करायचं कुणाला कळेना. मिटवायला पाय धजेनात. तेव्हा पैलवानच म्हणाले होते, "मिटवा. मेलेल्याचीबी मोकळी ठिवली, तर जित्याची वळकायची कशी?" आणि पहिलं पाऊल त्यांनीच सरकवलं होतं.

मला आता सगळं कळलं. पलूसमध्ये खाटेवर पडलेल्या माणसानं पाकीट फोडलं असेल. बातम्यांच्या आधी फोटो बघितला असेल. आणि स्वतःच घालून दिलेल्या नियमानं स्वतःची बातमी वाचली असेल. ती बातमी मी छापली होती. जोड न दिसू देता.

आबांनी लगेच पलूसला फोन लावला. पैलवानांची सून, शोभावहिनी, बोलल्या. आबांनी सगळं सांगितलं, पोरीची चूक, तिला माहीत नव्हतं. वहिनी आत जाऊन आल्या. "मामंजी म्हणत्यात, पोरीच्या अंगावर ढकलू नगा. आन् आवं, कालपास्नं जेवत न्हाईत. भिंतीकडं त्वांड करून पडल्यात नुसतं."

"सांगून पटायचं नाही त्याला," फोन ठेवून आबा म्हणाले. "दाखवायला लागेल. आणि मी एकटा गेलो तर म्हणेल, नवा फोटो काढून आणलास. ज्यानं काढला त्यानं यायला हवं."

मूळ फोटो माझ्या फोनमध्ये होता. स्टुडिओतून तो मोठा करून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत आम्ही बसलो. कऱ्हाडला गाडी बदलली. पुढं रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एकेकीमागं एसटी रांगत होती आणि मला प्रत्येक ट्रॉलीचा राग येत होता. लहानपणी अशाच हंगामात याच रस्त्यांच्या कडेनं मी मेंढरांमागं चालले होते. तेव्हा कधी कुठं पोचायची घाई नसायची.

"बाहेर काय दिसतंय?" आबांनी विचारलं.

"ऊस."

"तुरे आलेत?"

"आलेत. पांढरे."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्याला वाटलं असेल, आपण घाई केली." मग गाडीला दोन-तीन धक्के बसले. मला वाटलं विषय संपला. पण ते खिडकीकडं तोंड करूनच पुढं बोलले, "मी तुला विचारलं, फोटो बरा आलाय का. कसा आलाय, ते विचारायला पाहिजे होतं."

माझ्या चुकीतली थोडी चूक ते स्वतःकडं घेत होते. मला ते सहन होत नव्हतं आणि नको म्हणायलाही जमत नव्हतं. मी मांडीवरचा फोटो घट्ट धरून बसले.

पैलवान सोप्यात खाटेवर होते. मागं तीन उशा, बाजूला ऑक्सिजनचं घरघरणारं यंत्र. मी मनात एक मोठा माणूस घेऊन आले होते. खाटेवर फक्त मोठी हाडं होती. खांदे रुंद, पण त्यांच्यावर सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. तोंड भिंतीकडं.

"पैलवान," आबा म्हणाले.

"कोण? मेलेल्या माणसाला भेटाय कोण आलंया?"

काय बोलायचं ते मी एसटीत चांगल्या भाषेत पाठ केलं होतं. 'आजोबा, मला आपली क्षमा मागायची आहे', असं काहीतरी. त्यातला एकही शब्द आठवला नाही. "मी कापली जागा," मी म्हणाले. "आबांना म्हाईत न्हवतं. मलाबी म्हाईत न्हवतं. फोटू चांगला दिसावा म्हणून कापली. ह्यो खरा हाय."

त्यांनी तोंड वळवलं. फोटो हातात घेतला आणि नाकापाशी धरला. लंबू, आबा, मग मेंदी, मग गुरुजी. अंगठा त्या मोकळ्या जागेवर ठेवला. अंगठा तिथं पुरा बसला, दोन्ही बाजूंना थोडी जागा उरली. ते तसेच धरून राहिले. यंत्र घरघरत होतं. बाहेर कुणीतरी पंप सुरू केला.

"कुठली गं तू?"

"आटपाडीकडची."

"मेंढरं हुती?"

"व्हय. आज्याची."

"मग तुला जागा दिसाय पायजे हुती की."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जे खरं होतं ते त्यांनी सांगितलं.

"आबा, किती सोडलीया रं?"

"दीड. गुरुजीनं मोजून."

"येडं हाय ते." पैलवान हसले, हसताना खोकला आला, खोकला थांबेपर्यंत आबांनी त्यांचा हात धरून ठेवला. "आता आर्धी पुरं झाली असती की रं."

त्या दुपारी ते दूधभाकरी जेवले. थोडी, पण जेवले. शोभावहिनींनी माझ्या चहात इतकी साखर घातली होती की चमचा हलवला तरी तळाशी राहिली. दोघं म्हातारे बोलत बसले. कुणाचा गुडघा, कुणाचा नातू, कारखान्याची ऊसतोडीची टोळी अजून आली नाही आणि ऊस वाळत चाललाय. मधेच पैलवान झोपायचे, आबा थांबायचे, ते जागे झाले की वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. फोटो त्यांच्या छातीवर होता, श्वासाबरोबर वरखाली होत.

निघताना त्यांनी मला हाक मारली. "त्यो कापल्याला फोटू कुठं हाय?"

"संगणकात. आज पुसून टाकते, आजोबा."

"नगं पुसू. असू दे. लागंल."

"गप रं," आबा म्हणाले.

"गप काय? मागनं तुमी म्हातारी माणसं थंडीत पुन्हा हुभी ऱ्हाणार. त्यापरीस पोरीकडं तयार हाय की."

मी हसायचा प्रयत्न केला. आबा हसले नाहीत. त्यांनी पैलवानांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि पुन्हा ठेवला.

हंगाम संपत आला तेव्हा पैलवान गेले. मी परीक्षेच्या आधी चार दिवस गावी होते. आबांचा फोन आला. "बाबू, पैलवान गेला," एवढंच म्हणाले. माझ्या आसपास कुणीही पैलवानांना ओळखत नव्हतं. आईला मी सांगितलं, ती म्हणाली, "कोण ते तुझे?" आजा आता मेंढरं राखत नाही, चार उरलीत ती बा बघतो. पण तो कट्ट्यावर बसून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "पोरी, जेवून घे." त्याला काय कळलं होतं कुणास ठाऊक.

तो कापलेला फोटो मी पुसला नाही. पुसायचं धाडसही झालं नाही आणि बघायचंही. एकदाच उघडला. तिघं खांद्याला खांदा लावून उभे होते, हसत होते. ज्या दिवशी मी तो बनवला, त्या दिवशी तो खोटा होता. आता त्यातलं काहीच खोटं नव्हतं. त्या फोटोत काडीचाही बदल झाला नव्हता, आणि तरी तो खरा झाला होता. मला माझ्याच हातांची भीती वाटली.

यंदाची खबरबात गेल्या आठवड्यात सांगून झाली. लंबूंचं ऐकण्याचं यंत्र, गुरुजींच्या घरी पणती झाल्याचं. मग आबा थांबले. शोभावहिनींशी त्यांचं आदल्या दिवशीच बोलणं झालं होतं. यंदा टोळी वेळेवर आली होती.

"लिही. पैलवान. गेला. ऊस तुटला."

मी लिहिलं. त्यांनी वाचायला सांगितलं. मी वाचलं. एकही शब्द त्यांनी बदलला नाही.

आणि काल रविवार होता. मेंदीच्या कुंपणापुढं तिघं पुन्हा उभे राहिले. लंबू, आबा, मोकळी जागा, गुरुजी. गुरुजी सवयीनं तिथंच जाऊन उभे राहिले होते, जिथं ते जन्मभर उभे राहिले. मी फोन हातात धरून थांबले.

"हिच्याकडं हाय की तयार," लंबू हळूच म्हणाले. "त्यानंच सांगून ठिवलंय."

"नाही," आबा म्हणाले. "पाऊल टाकायला लागतं."

मग ते समोर बघूनच म्हणाले, "गुरुजी."

"थांब रं जरा."

आम्ही थांबलो. गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. शेजारच्या मोकळ्या जागेकडं त्यांनी पाहिलं नाही, सरळ माझ्याकडं पाहिलं, मी जणू तो उस्ताद. आणि एक पाऊल उजवीकडं सरकवलं. दीड माणसाची जागा एका पावलात मिटत नाही. ते तिथं क्षणभर मधेच उभे राहिले, कुठल्याच जागेवर नसल्यासारखे. मग दुसरं पाऊल टाकलं.

मी फोटो काढला.

"बाबू, वाच," आबा म्हणाले.

"लंबू आजोबांपासून वाचते. त्यांनी काठी पाठीमागं लपवलीय, पण टोक दिसतंय. मग तुम्ही. मान थोडी वर आहे. मग गुरुजी आजोबा. त्यांचे डोळे मिटलेत."

"मग पुन्हा काढ की," गुरुजी म्हणाले.

"नगं," लंबू म्हणाले. "ऱ्हाऊ दे तसाच."

आबांनी मान वाकडी केली नाही. ते समोरच बघत होते, जिथं त्यांना काही दिसत नाही.

"आणि मधे?"

"मधे काही नाही, आबा. तुमच्या डाव्या खांद्याला त्यांचा खांदा लागलाय."

त्यांनी उजवा हात वर नेला, डाव्या खांद्यावर ठेवला, आणि बराच वेळ तिथंच राहू दिला.

"हां," ते म्हणाले. "लागलाय."